दक्षिणेची काच

एस्को निएमीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात शिरणारी थंडी अडवली, आणि स्वतःच्या घराला काच निवडायची वेळ आली तेव्हा ती त्याला मी विकली. त्यामुळे त्याच्याबद्दल लिहायचा मला अधिकार आहे की नाही, कोण जाणे. पण दुसरं कोणी लिहिणार नाही, हे नक्की. अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या आमच्या डुलुथमध्ये साध्या माणसाबद्दल वर्तमानपत्रात चार ओळी येतात, त्याही तो गेल्यावर, आणि एस्को अजून आहे.

टेकडीवरची आमची घरं शंभर वर्षांची, लाकडी, आणि त्यांच्या खिडक्यांना एकेरी काच. सरोवरावरून वारा सुटला की पडदे हलायचे, तेही खिडकी बंद असताना. म्हणून प्रत्येक खिडकीला बाहेरून आणखी एक तावदान लावायची पद्धत. ऑक्टोबरात लावायचं, मे महिन्यात उतरवायचं. या हिवाळी तावदानांवर पितळी चुका ठोकलेल्या असायच्या, चुकेच्या डोक्यावर आकडा, आणि तोच आकडा खिडकीच्या चौकटीवर. लाकूड प्रत्येक ठिकाणी वेगळं फुगतं, त्यामुळे चौदा नंबरचं तावदान चौदालाच बसतं, पंधराला बसवू पाहिलं तर हसं होतं. चाळीस वर्षं एस्को हे काम करत होता. उतरवणं, धुणं, पुट्टी भरणं, रंगवणं, पुन्हा शिडीवर चढून टांगणं. कोणत्या विधवेच्या घरचं नऊ नंबरचं तावदान खालच्या कोपऱ्यात अडतं, हे त्याला त्या विधवेपेक्षा जास्त माहीत होतं.

आमच्या घरीही तोच यायचा. काम संपलं की माझी आई दारात उभी राहून त्याला कॉफी विचारायची. तो म्हणायचा, नको, नुकतीच झाली. आई पुन्हा विचारायची. तो म्हणायचा, कशाला उगाच त्रास. आई तिसऱ्यांदा विचारायची, मग तो म्हणायचा, अर्धा कप चालेल, आणि बसून चांगले दोन कप प्यायचा.

यात त्याचं एकट्याचं काही नव्हतं. आम्ही सगळे असेच. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. फिनिश असो, नॉर्वेजियन असो, की माझ्यासारखी अर्धी स्वीडिश, अर्धी कशातच नसलेली, दोनदा नाही म्हटल्याशिवाय इथे कोणी पाण्याचा पेलासुद्धा घेत नाही. जो तीनदा विचारतो त्याला खरंच द्यायचं असतं. जो एकदा विचारून थांबतो, त्याने न विचारल्यासारखंच. हे आमच्याकडे पोरं चालायच्या आधी शिकतात. मीही शिकले होते.

एस्कोची बायको हेल्मी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. मोठ्या तोंडाची, मोठ्या हसण्याची बाई, नवऱ्याच्या वाटचं बोलणंही तीच बोलून टाकायची. त्यांच्या बैठकीच्या खोलीला दक्षिणेकडे एक मोठी खिडकी आहे, खाली उतरत जाणारी छपरं आणि मग सरोवर. दरवर्षी एस्को बाहेरचं तावदान टांगायचा, आणि त्या दोन काचांमधल्या वीतभर जागेत हेल्मी रानातून आणलेलं पांढरं शेवाळ पसरायची. ओल शोषून घेतं म्हणून. तिच्या आजीने तसंच केलं होतं. शेवाळावर लाल रानफळांचा एक झुबका आणि मधोमध चिनी मातीचा एक पक्षी, शेपटी तुटलेला. रस्त्याने जाणारे लोक तो पक्षी बसला की म्हणायचे, आला हिवाळा.

तीन वर्षांपूर्वी हेल्मीला झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं, आणि डावा हात मिटला तो मिटलाच. बोटं तळव्यात रुतलेली. व्यायाम शिकवणारी बाई दोन महिने येऊन गेली आणि मग तिनेही खांदे उडवले. पण हिवाळ्यात एक गोष्ट एस्कोच्या लक्षात आली. आमच्याकडे डिसेंबरात सूर्य जेमतेम छपरांवर येतो, त्यामुळे त्याचं ऊन आडवं, थेट खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचतं. हेल्मीची खुर्ची दहा वाजता त्या उन्हात ओढली की बारापर्यंत तिची मूठ सैल व्हायची. मग एस्को समोर स्टूल घेऊन बसायचा आणि एकेक बोट सोडवायचा. करंगळी आधी, अंगठा शेवटी. पाचही सुटली की तिच्या दोन्ही हातांत कॉफीचा कप द्यायचा. दोन वाजता ऊन गेलं की मूठ हळूहळू पुन्हा मिटायची. पण रोजचे ते दोन तास हेल्मीला दोन हात असायचे.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी काम करते त्या खिडक्यांच्या दुकानातून एकदा त्याच्यासाठी पुट्टीचा डबा घेऊन गेले होते तेव्हा मी डोळ्यांनी पाहिलं होतं. हेल्मीने तो कप माझ्या दिशेने उंच करून दाखवला होता, लहान पोरीने नवा खेळ दाखवावा तसा. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

गेल्या सप्टेंबरात एस्को शिडीवरून पडला. वय एकोणऐंशी, गळपट्टीचं हाड मोडलं. मुलगी डार्ला फिनिक्सहून विमानाने आली. आठवडाभर राहिली, फ्रीज भरला, आणि जाताना निकाल देऊन गेली, की आता शिडी बंद, जुन्या खिडक्या बंद, सगळ्या घराला नव्या काचेच्या खिडक्या बसवायच्या आणि त्यांचे पैसे ती भरणार. तिच्या स्वतःच्या घराला उत्तमातली उत्तम काच होती. भर उन्हाळ्यात दुपारी काचेला टेकून बसलं तरी झळ लागत नाही, असं तिने बापाला तीन-तीनदा सांगितलं. फिनिक्समध्ये ऊन शत्रू असतं. डुलुथमध्ये ते वर्षातून सहा महिने पाहुणं असतं, हे ती तीस वर्षांत विसरली होती. मुलगी वाईट नाही. दूर राहणाऱ्या मुलींना काहीतरी मोठं करायचं असतं, आणि खिडक्या मोठ्या असतात.

तर ऑक्टोबराच्या पहिल्या आठवड्यात एस्को आमच्या दुकानात आला. हात झोळीत, दुसऱ्या हातात डार्लाच्या अक्षरातला कागद. मी त्या गल्ल्यामागे बावीस वर्षं उभी आहे. मी त्याला कॉफी विचारली, तो नको म्हणाला. पुन्हा विचारली, कशाला त्रास म्हणाला. तिसऱ्यांदा विचारली आणि भरलेला कप पुढे ठेवला.

आता काचेचं थोडं सांगावं लागेल. नव्या खिडकीवर कागदी पट्टी असते, तिच्यावर दोन आकडे महत्त्वाचे. पहिला सांगतो, घरातली ऊब काचेतून बाहेर किती निसटते. तो जितका लहान तितकं चांगलं. दुसरा सांगतो, उन्हाची ऊब आत किती येते. काचेवर धातूचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर असतो, तो कसा दिलाय त्यावर हे ठरतं. फिनिक्समध्ये दुसरा आकडाही लहान हवा. आमच्याकडे, निदान दक्षिणेच्या खिडकीला, तो मोठा हवा, नाहीतर थंडी अडते आणि तिच्याबरोबर ऊनही अडतं. डार्लाने लिहून दिलेली काच तिपदरी होती, पहिल्या आकड्यात आमच्या दुकानातली सगळ्यात चांगली. दुसऱ्या आकड्यात ती उन्हाच्या शंभर हिश्शांतले वीससुद्धा आत सोडत नव्हती. एस्कोच्या जुन्या दोन साध्या काचा साठ-पासष्ट सोडायच्या.

एस्कोने आयुष्यभर जुन्या काचा हाताळल्या. त्याच्या लेखी थंडी म्हणजे फट, आणि फट बुजवली की काम झालं. त्याने चष्मा लावला, पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, याहून खाली जाणारा आहे का? मी म्हटलं, नाही, याहून खालचा आकडा आमच्याकडे नाही. यात खोटं काही नव्हतं.

मग मी विचारलं. विचारलं नाही असं नाही.

"दक्षिणेच्या मोठ्या खिडकीला वेगळी काच घेता येते, एस्को. ऊन जास्त आत येतं. पण ती दुसऱ्या कारखान्यातून येते, आठ आठवडे लागतील."

"छे, नको," तो म्हणाला. "एका खिडकीसाठी कशाला एवढा त्रास."

"बरं," मी म्हटलं, आणि सहीसाठी कागद त्याच्याकडे फिरवला.

आता खरं कारण सांगते. आमचा मालक ड्वेन याने त्या महिन्यात एक टूम काढली होती. सगळ्या घराला एकच काच, अशी दहा कामं जो आणेल त्याला फुटबॉलच्या सामन्याची दोन तिकिटं. माझी नऊ झाली होती. एक खिडकी वेगळी निघाली असती तर एस्कोचं काम त्यात धरलं गेलं नसतं. सामना मी पाहिला. आमचा संघ हरला.

एस्कोने पेन बराच वेळ हातात धरलं, मग सही केली. कॉफी संपवली. कॉफी संपल्यावरही तो बसून राहिला. रिकामा कप बशीत फिरवत होता, भिंतीवरच्या नमुन्याच्या खिडक्यांकडे बघत होता. म्हणाला, यंदा बर्फ लवकर पडणार. मी म्हटलं, हो, तसं दिसतंय. मला वाटलं, म्हाताऱ्याला घरी कंटाळा येत असेल. पाव तास गेल्यावर मी फोन उचलून कारखान्याला लावला, आणि मग तो टोपी घालून निघून गेला.

नोव्हेंबरात खिडक्या बसल्या, बर्फाच्या आधी, सांगितल्या दिवशी. आमची माणसं जुनी तावदानं ट्रकमध्ये टाकत असताना एस्को पक्कड घेऊन उभा होता. एका हाताने त्याने बावीस पितळी चुका उपटल्या आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. नव्या खिडकीच्या काचांमध्ये बोटभरसुद्धा जागा नसते, असते तीही सील केलेली. हेल्मीचा पक्षी आतल्या कट्ट्यावर आला. हेल्मीला खिडकीसमोर बसवलं तेव्हा ती बराच वेळ बघून म्हणाली, "वेगळं आहे." आमच्याकडे करपलेल्या खिरीला वेगळं आहे म्हणतात. सुनेने कापलेल्या केसांना वेगळं आहे म्हणतात. एस्को इथलाच, त्याला कळलं असणारच. पण मुलीने दिलेल्या वस्तूला नावं कोण ठेवणार? त्याने डार्लाला फोन करून सांगितलं, की फार छान झालंय, घर तापवायची भट्टी पूर्वीच्या निम्मीही चालत नाही. तेही खरं होतं.

डिसेंबरात तो दुकानात आला. चाळीस वर्षांत त्याने कोणाच्या कामाबद्दल तक्रार केलेली मी ऐकली नव्हती, आणि हीसुद्धा त्याने तक्रार म्हणून केली नाही. टोपी हातात धरून विचारलं, की दक्षिणेची काच चुकून उलटी बसली असेल का? कारखान्यात होत असेल कधीकधी.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. बाहेर उणे पंधरा, आकाश स्वच्छ, सरोवरावरून वाफा निघत होत्या. घर उबदार होतं, झुळूक कुठेच नाही, पडदे गप्प. हेल्मी खुर्चीत, मांडीवर ब्लँकेट, आणि ब्लँकेटवर ऊन. मी तिच्या खुर्चीच्या हातावर तळवा ठेवला. उजेड होता, ऊब नव्हती. कॅलेंडरच्या चित्रावर हात ठेवावा तसं. तिची डावी मूठ ब्लँकेटवर होती आणि तिच्यात एस्कोने कापडाची गुंडाळी कोंबली होती, नखं तळव्यात जाऊ नयेत म्हणून.

आमच्या धंद्यात काच तपासायची एक साधी रीत आहे. काचेसमोर लायटर पेटवून धरायचा. प्रत्येक काचेची दोन अंगं दोन ज्योती दाखवतात, तीन काचांच्या सहा. ज्या अंगावर थर असतो तिथली ज्योत वेगळ्या रंगाची दिसते. मी लायटर धरला. सहा ज्योती, त्यातल्या दोन लालसर, आणि ज्या जागी असायला हव्यात त्याच जागी. एस्को माझ्या खांद्यामागून मोजत होता.

"काच बरोबर बसलीय," मी म्हटलं.

तो म्हणाला, असं होय. एवढंच. काचेत दोष सापडला असता तर मी त्याच्या गळ्यात पडले असते. दोष नव्हता. मागितलं तेच दिलं होतं. मी लायटर खिशात टाकला, कोट चढवला, आणि बटणं लावता लावता म्हटलं की वसंतात बर्फ वितळल्यावर ही एक काच बदलता येईल. तो म्हणाला, नको, चाललंय ना आता. मी शेवटचं बटण लावलं. आणि हेल्मीने माझ्याकडे पाहून, एकेक शब्द ओढत, म्हटलं, "छान काच आहे." पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून. त्या शब्दांसाठी तिला किती जोर लावावा लागला हे मला दिसत होतं, आणि मी दार उघडून बाहेर पडले. इतकी भित्री मी एरवी नाही. ड्वेनशी तर मी रोज भांडते.

जानेवारीत एस्कोने औषधाच्या दुकानातून शेकायची विजेची पिशवी आणली. उन्हाने होत होतं ते विजेने करायचं. मंद आचेवर लावून हेल्मीच्या मुठीखाली ठेवली आणि पायऱ्यांवरचा बर्फ काढायला बाहेर गेला. हाड अजून नीट जुळलं नव्हतं, आणि एका हाताने बर्फ काढायला वेळ लागतो. हेल्मीला त्या हातात काही जाणवत नव्हतं, आणि जाणवलं असतं तरी तिने हाक मारली असती याची मला खात्री नाही. तो आत आला तेव्हा ती शांत बसली होती. गुंडाळी बदलताना त्याला कातडी दिसली.

जखम खोल गेली, मग चिघळली. हॉस्पिटलात तीन आठवडे. तिथून तिला थेट शुश्रूषागृहात हलवलं, कारण पट्ट्या रोज बदलायच्या, आणि मोडलेल्या हाडाचा म्हातारा तिला उचलणार कसा? डार्ला आली, रडली, सह्या केल्या, परत गेली. डॉक्टर म्हणाले, हात आता उघडणार नाही, शिरा आखडल्यात. हेल्मीच्या तिथल्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे, गाड्या लावायच्या जागेवर. एस्को रोज दहा वाजता जातो आणि दोन वाजता परत येतो. वेळ त्याने बदललेली नाही.

हे सगळं मला रविवारी चर्चच्या तळघरात सगळ्यांबरोबर कॉफी घेताना कळलं, लोकांनी सांगितलं तसं. तिथे कोणी मला काही म्हणालं नाही. आमच्याकडे कोणी कोणाला काही म्हणत नाही, त्यातच सगळं येतं. काचेचा तो कागद मात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. दुकानात त्या दिवशी कॉफी मी त्याला तीनदा विचारली होती आणि काच एकदाच. तो नको म्हणाला ते पहिलं नको होतं. पहिल्या नकोला इथे कोणी नको धरत नाही, मीही कधी धरलं नव्हतं. त्या दिवशी मला सोयीचं होतं म्हणून धरलं.

मार्च संपता संपता मी वेलची घातलेला गोड पाव भाजला आणि टेकडी चढून त्याच्याकडे गेले. वरातीमागून घोडं, हे मलाही कळत होतं. दोन वाजून गेले होते. त्याने दार उघडलं, आत ये म्हणाला. मी दोनदा नको म्हटलं नाही, सरळ आत शिरले. हेल्मीची खुर्ची जागच्या जागी होती, कट्ट्यावर शेपटी तुटलेला पक्षी, त्याच्या शेजारी पितळी चुकांचा डबा. पाव मी टेबलावर ठेवला. तो पावाबद्दल छान बोलला.

मग मी म्हटलं, "एस्को, दक्षिणेची काच मी बदलून देते. दुकानाशी संबंध नाही, माझं मी बघते. हेल्मीला दुपारी घरी आणता येईल, निदान रविवारी. घ्या ना एवढं."

दुकानात एकदा, डिसेंबरात एकदा, आणि तिसऱ्यांदा विचारलं की हो म्हणायची आमच्याकडे रीत आहे. मी त्या रीतीवर भिस्त ठेवून आले होते, हे लपवत नाही. तो खिडकीकडे बघत उभा राहिला. खाली सरोवरातला बर्फ फुटायला लागला होता, मधे मधे काळं पाणी दिसत होतं.

"त्या दिवशी कॉफी संपल्यावरही मी बसून होतो, बेव्ह," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मला वाटलं, तू आणखी विचारशील."

तिकिटांचं सांगावं असं एकदा मनात आलं, पण सांगितलं नाही. एस्को ओट्याकडे गेला, किटली उचलून तिच्यात किती आहे ते पाहिलं.

"कॉफी घेणार?"

"नको, नुकतीच झाली," मी म्हटलं. सवयीने.

त्याने किटली खाली ठेवली, माझा कोट खुंटीवरून काढला आणि मला घालायला धरला.